लॅबची मशीनं लांबून सांभाळायचं सॉफ्टवेअर : पावसाळा, उन्हाळा दोन्ही काढल्यावरचा रिव्ह्यू

आमची मेन पॅथॉलॉजी लॅब साताऱ्यात आणि वाई, मेढा, पाटण इथे छोट्या प्रोसेसिंग लॅब, म्हणजे नुसती कलेक्शन सेंटर नाहीत, तिथे मशीनं आहेत आणि सॅम्पल तिथल्या तिथे लागतात. या सगळ्या मशीनचं आणि क्यूसीचं (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मशीन आकडे बरोबर देतंय का ते रोज तपासायचं) काम माझ्याकडे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही ही मशीनं साताऱ्यात बसून बघता यावीत म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचं नाव देत नाहीये कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि त्यातल्या काही त्यांनी नंतर नीट केल्यात, शिवाय असं सॉफ्टवेअर विकणारे आता बरेच झालेत, तेव्हा कुणाचंही घेताना काय तपासायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल. आणि हे बनवणारी पोरं कुणी वाचत असतील तर त्यांनीही वाचा, तुमच्यासाठीच जास्त लिहितेय.

आधी हे हवंच कशाला ते सांगते. पाटणला एकच टेक्निशियन असते. सकाळी फास्टिंगची गर्दी, ब्लड काढायचं तिनेच, मशीन लावायचं तिनेच, पावती फाडायची तिनेच. मशीनने एरर दिला की ती स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची, मी फोनवर सांगायचे आता हे दाब, आता ते दाब, आणि नाहीच जमलं तर पुण्याच्या सर्व्हिस इंजिनिअरला कॉल, तो येणार दुसऱ्या दिवशी. तोवर सॅम्पल थांबून. आणि रक्त थांबून राहणं साधी गोष्ट नाही हो, साध्या ट्यूबमध्ये सेंट्रिफ्यूज न करता ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, बरं म्हणून तेच रक्त फ्रीजमध्ये टाकलं तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं कारण थंडीत पेशीतला पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं. म्हणजे मशीन आता बंद पडणार हे जर आदल्या दिवशी कळलं तर सॅम्पल सरळ साताऱ्याला पाठवता येतात, आणि सकाळी दहा वाजता कळलं तर तोवर पंधरा-वीस पेशंटचं रक्त काढून झालेलं असतं आणि त्यातल्या निम्म्या लोकांना परत सुई टोचायला लागते. म्हाताऱ्या माणसाला, लहान पोराला परत टोचायचं म्हणजे जिवावर येतं. माझ्यासाठी या सॉफ्टवेअरची किंमत तिथे ठरते.

सेटअप असा आहे की प्रत्येक लॅबमध्ये एक छोटा बॉक्स बसवतात, मशीनच्या डेटा केबल त्या बॉक्सला लागतात, बॉक्स नेटवरून पुढे पाठवतो आणि मी साताऱ्यात ब्राउझरमध्ये बघते. ऐकायला सोपं आहे पण आमची निम्मी मशीनं जुनी, मागे नऊ पिनचं आरएस-२३२ पोर्ट, आणि बोलणार एएसटीएम प्रोटोकॉलमध्ये (डेटा पाठवायची ठरलेली भाषा) जो नव्वदच्या दशकातला आहे. मशीन आधी विचारतं की पाठवू का, समोरून हो आलं की एक फ्रेम पाठवतं, फ्रेमच्या शेवटी चेकसम (फ्रेम नीट पोचली का ते ताडायचा आकडा), परत हो आलं की पुढची फ्रेम. कागदावर सगळी मशीनं एकच प्रोटोकॉल बोलतात, प्रत्यक्षात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कुणी सॅम्पल नंबर तिसऱ्या फील्डमध्ये पाठवतं कुणी चौथ्या, एक सेल काउंटर तर प्लेटलेटचा आकडा पाठवताना युनिटच पाठवत नाही. नवीन मशीन एचएल७ या दुसऱ्या प्रोटोकॉलवर आहेत, ती लवकर लागली. जुन्यांना दोन आठवड्यांच्या वर गेले, एका मशीनच्या कंपनीने प्रोटोकॉलचं मॅन्युअल द्यायला वेगळे पैसे मागितले, आमच्या पैशाने घेतलेल्या मशीनचा आमचाच डेटा वाचायला. सॉफ्टवेअरवाल्यांची एक मुलगी मेढ्याला येऊन दोन दिवस केबलवर काय येतंय ते रेकॉर्ड करत बसली आणि तिने ते लावून दिलं. हे मात्र मनापासून आवडलं, कारण आधी ज्यांचा डेमो बघितला होता ते म्हणाले होते जुनी मशीनं काढून टाका.

आता सगळ्यात जास्त कामाला काय आलं तर क्यूसी. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये लॅबसाठी तो रोजच्या कंट्रोलचा (ज्याचा आकडा आधीच माहिती असतो असं सॅम्पल) चार्ट आणला आणि तो चार्ट वाचायचे वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ चे, म्हणजे नवीन काहीच नाही, पण आधी आमचे चार्ट चार ठिकाणी चार वह्यांत होते आणि मी ते महिन्यातून एकदा एकत्र बघायचे, महिन्यातून एकदा बघितलेल्या चार्टचा काय उपयोग. आता पाटणचा कंट्रोल लागला की दोन मिनिटांत माझ्यासमोर ठिपका पडतो. त्यांनी दिलेल्या मूळ सेटिंगमध्ये कंट्रोल २ एसडीच्या (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडा सरासरीच्या किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) बाहेर गेला की लाल अलार्म वाजायचा. हे चुकीचं डिझाइन आहे. सगळं व्यवस्थित असतानाही २० पैकी जवळपास एक रीडिंग २ एसडीच्या बाहेर जातंच, आणि कंट्रोलच्या दोन लेव्हल (कमी आणि जास्त आकड्याची) चालवत असाल तर साधारण ९ टक्के वेळा काही बिघडलेलं नसताना अलार्म वाजणार. टेक्निशियन मग काय करते, कंट्रोल परत लावते, परत लावते, आत आला की पुढे जाते. हीच सवय सगळ्यात घातक. आम्ही सांगून तो नियम नुसता पिवळा करून घेतला, आणि १-३एस (एक ठिपका ३ एसडीच्या बाहेर), २-२एस (लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर), आर-४एस (दोन ठिपक्यांत ४ एसडीहून जास्त अंतर) या तिघांना लाल, लाल झालं की त्या टेस्टचे रिपोर्ट आपोआप अडकतात, मॅडमनी (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) बघून सोडल्याशिवाय पेशंटकडे जात नाहीत. लागोपाठ दहा ठिपके एकाच बाजूला पडले तर मला वेगळा मेसेज येतो, पेशंटचं काम थांबत नाही. एवढं करून दिल्यावर अलार्म एकदम कमी झाले आणि जे वाजतात ते खरे असतात.

याचं एक उदाहरण नीट सांगते कारण त्यात असं सॉफ्टवेअर कसं असावं ते दिसतं. वाईच्या बायोकेमिस्ट्री ॲनालायझरवर एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरच्या टेस्ट) आणि युरियाचे (किडनीची टेस्ट) ठिपके हळूहळू सरकायला लागले, नियम मोडला नव्हता पण रोज थोडे विस्कटत होते, आणि शुगर, कोलेस्टेरॉल मात्र एकदम जागेवर. आता तिन्ही टेस्टमध्ये सारखं काय, तर तिन्ही ३४० नॅनोमीटरवर वाचल्या जातात, शुगर आणि कोलेस्टेरॉल ५०० च्या आसपास. हॅलोजन लॅम्प म्हातारा व्हायला लागला की आधी ३४० ला कमजोर पडतो. या सॉफ्टवेअरमध्ये मशीनच्या पीसीवर रोज सकाळी फोटोमीटर चेकची जी फाइल बनते ती उचलून प्रत्येक वेव्हलेंथचा वेगळा ग्राफ काढलेला असतो, मी तो उघडला तर ३४० ची रेघ दोन आठवडे चढत होती आणि बाकीच्या सपाट. लॅम्पचे तास पण शेजारीच दिसतात, असे लॅम्प साधारण हजार ते दोन हजार तास चालतात आणि हा त्याच पट्ट्यात होता. संध्याकाळी लॅम्प एसटीने वाईला पाठवला, तिथल्या दादाने बदलला, कॅलिब्रेशन केलं, सकाळी ठिपके जागेवर. एकही रिपोर्ट चुकीचा गेला नाही, एकही पेशंट परत बोलवायला लागला नाही. वेव्हलेंथप्रमाणे ग्राफ वेगळे काढायचे हे ज्याने कुणी सुचवलं त्याने नक्की कधीतरी लॅबमध्ये काम केलंय. बाकीच्या डेमोंमध्ये मशीनच्या नावासमोर ‘हेल्थ ९२ टक्के’ असला एक आकडा दाखवत होते, त्या आकड्याचं मी काय करू, कुठला पार्ट मागवू?

आता मोठी तक्रार. पहिल्याच पावसात पाटणला लाईट गेली आणि नेट गेलं, तिकडे कोयनेच्या पट्ट्यात पाऊस लागला की हे व्हायचंच, आणि माझ्या स्क्रीनवर पाटणची सगळी मशीनं हिरवी. मी निवांत. तासाभराने तिथून फोन, ताई तुम्ही रिपोर्ट का सोडत नाही म्हणून पेशंट भांडतायत, आणि ताई इथे तर लाईटच नाहीये, यूपीएस पण संपला. झालं होतं असं की बॉक्सचा संपर्क तुटला की स्क्रीन शेवटची मिळालेली स्थिती तशीच दाखवत राहायची, शेवटची हिरवी तर हिरवी. मला विचाराल तर अशा सॉफ्टवेअरमध्ये याहून मोठा दोष असूच शकत नाही. काहीच दिसत नसतं तर मी फोन करून विचारलं असतं, पण हिरवं दिसतंय म्हटल्यावर कोण फोन करतं. मी त्यांना चांगलं लांबलचक लिहिलं, मॅडमनी पण फोन केला, आणि त्यांनी ते बदललं. आता बॉक्सकडून दर मिनिटाला हजेरी येते, तीन हजेऱ्या चुकल्या की त्या लॅबची सगळी मशीनं राखाडी होतात आणि खाली लिहून येतं शेवटची माहिती किती वाजताची, आणि बॉक्स गेलाय, नेट गेलंय का नुसतं एक मशीन गप्प आहे हे तिन्ही वेगळं दिसतं. बॉक्समध्ये आता सिम कार्ड पण आहे, वायरचं नेट गेलं की त्यावर जातो. आणि दोन्ही गेलं तरी रिझल्ट बॉक्समध्ये साठून राहतात, नेट आलं की क्रमाने वर चढतात, एक पण गहाळ झालेला नाही, हे मी मशीनच्या मेमरीतल्या यादीशी ताडून बघितलंय.

यूपीएसचं त्यांनी नंतर जोडलं ते फारच चांगलं केलंय. लाईट गेली की बॉक्सला कळतं बॅटरी किती मिनिटांची उरली, आणि ती कमी झाली की तिथल्या टेक्निशियनच्या स्क्रीनवर येतं की नवीन सॅम्पल लावू नका, चालू रन पूर्ण होऊ द्या. बायोकेमिस्ट्रीच्या बऱ्याच टेस्टला मशीनमध्ये दहा एक मिनिटं लागतात, मध्येच वीज तुटली तर रीएजंट (टेस्टचं रसायन) वाया, क्युवेट (ज्यात टेस्ट होते ती छोटी नळी) घाण, आणि परत चालू केल्यावर पूर्ण वॉश. हा मेसेज साताऱ्यात मला येऊन काही उपयोग नव्हता, तो मशीनसमोरच्या माणसाला जायला हवा होता आणि तसाच जातो.

फ्रीजचं पण असंच सुरुवातीला डोकं उठवलं होतं. रीएजंटच्या फ्रीजला २ ते ८ अंश सांभाळायचं असतं. त्यांचा सेन्सर उघड्या हवेत टांगलेला, सकाळी सातला टेक्निशियनने रीएजंट काढायला दार उघडलं की हवा लगेच गरम, अलार्म. बाटलीतलं रीएजंट मात्र तेवढ्यात गरम होत नाही. रोज सकाळी चार ठिकाणचे चार अलार्म, माणूस वैतागून फोन सायलेंटवर टाकणारच. मग प्रोब ग्लायकोलच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवला आणि मर्यादेच्या बाहेर पंधरा मिनिटं राहिलं तरच अलार्म असं केलं, त्रास संपला. दुसरं म्हणजे त्यांनी नुसती वरची मर्यादा लावली होती, खालची नाहीच. थर्मोस्टॅट अडकून फ्रीज गोठायला लागला तरी नुकसान तेवढंच, सीआरपीसारख्या टेस्टच्या लॅटेक्स रीएजंटला एकदा बर्फ लागला की कण गोळा होतात आणि ते फेकूनच द्यायला लागतं. आता दोन्ही बाजूंना मर्यादा आहे. रात्रीचा अलार्म फोन कॉल होऊन येतो, उचलून १ दाबलं नाही तर पुढच्या माणसाला जातो, आधी गावातला, मग मी, मग मॅडम. हा क्रम पण आम्हीच लावून घेतला. आधी सगळ्यात पहिला कॉल मला यायचा, मी रात्री दोनला साताऱ्यात उठून काय करणार, किल्ली पाटणच्या टेक्निशियनकडे आणि तिचं घर लॅबपासून पाच मिनिटांवर.

आता लांबून मशीन ‘चालवण्या’बद्दल. विकायला येतात तेव्हा हेच सगळ्यात रंगवून सांगतात, घरबसल्या मशीन सुरू करा, वॉश द्या, कॅलिब्रेशन लावा. माझं मत पक्कं आहे की लांबून बघणं जेवढं मिळेल तेवढं हवं, लांबून करणं अगदी थोडं हवं. ॲनालायझरचा सॅम्पल प्रोब म्हणजे टोकदार सुई, ती खाली येते तेव्हा टेक्निशियनचा हात कुठे आहे हे मला साताऱ्यात दिसत नाही, ती झाकण उघडून ट्यूब साफ करत असेल आणि मी इकडून वॉश दाबला तर? झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडलं की मशीन थांबवणारी सोय) सगळ्या मशीनना असतो असं नाही आणि जुन्या मशीनचा तर बऱ्याचदा कुणीतरी टेप लावून बंद केलेला असतो. या सॉफ्टवेअरमध्ये हे त्यांनी चांगलं हाताळलंय, जे काम केल्याने मशीनचा कुठलाही भाग हलेल ते लांबून होतच नाही. रिझल्ट परत पाठव, कनेक्शन परत सुरू कर, लॉग काढ, एखादी टेस्ट तात्पुरती बंद ठेव, एवढंच. त्यापुढचं काही करायचं असेल तर तिथल्या माणसाच्या स्क्रीनवर विचारणा जाते, तो सहा आकडी कोड सांगतो तेव्हा सेशन उघडतं, अर्ध्या तासाने आपोआप बंद, आणि तिथे एक बटण आहे जे दाबलं की बाहेरचा कुणीही लगेच बाहेर. पाटणच्या टेक्निशियनला विचारलं की तुला यातलं काय आवडतं तर ती म्हणाली हेच बटण.

सिक्युरिटीचं मी आधी फार मनावर घेत नव्हते असं नाही, पण मॅडम यात जास्त काटेकोर, आणि त्यांच्यामुळे नीट प्रश्न विचारले गेले. मार्च २०२२ मध्ये ॲक्सेस:७ नावाने सात दोष बाहेर आले होते, पीटीसी कंपनीच्या ॲक्सेडा नावाच्या एजंटमधले, आणि तो एजंट म्हणजे नेमकं हेच काम करणारा, मशीन लांबून बघायचं, बऱ्याच मेडिकल मशीनमध्ये बसवलेला. त्यातला एक दोष असा होता की लांबून स्क्रीन बघायच्या सोयीचा पासवर्ड प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि कितीतरी दिवस सगळं हाताने लिहायला लागलं. आणि जून २०२४ मध्ये लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलांची पॅथॉलॉजी सांभाळणाऱ्या सिनोव्हिसवर झाला तेव्हा तर रक्तगट जुळवायची कामं इतकी अडली की ओ गटाच्या रक्तदात्यांना आवाहन करायला लागलं आणि ओपीडीच्या दहा हजारांवर अपॉइंटमेंट पुढे गेल्या. लॅब बंद पडली की नुसती लॅब बंद पडत नाही, मागचं सगळं हॉस्पिटल अडतं. आमच्या दोन मशीनचे पीसी अजून विंडोज ७ वर आहेत, ज्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, आणि मशीनची कंपनी म्हणते विंडोज बदललं तर वॉरंटी गेली. मग आता असं आहे की तो पीसी फक्त बॉक्सशी बोलतो, नेटवर जातच नाही, आणि बॉक्स स्वतः बाहेर कनेक्शन लावतो, बाहेरून आत यायला कुठलंही पोर्ट उघडं नाही, प्रत्येक बॉक्सचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) वेगळं, एक चोरीला गेला तर तेवढाच बंद करायचा. बॉक्समधून पेशंटचं नाव जातच नाही, फक्त बारकोड नंबर आणि रिझल्ट, नाव साताऱ्यात आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलं जातं. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आल्यानंतर तरी सगळ्यांनी असंच करायला पाहिजे, मशीनला नाव काय करायचंय?

आधी सर्व्हिस इंजिनिअर लोक पीसीवर रिमोट डेस्कटॉप टाकून कायमचा पासवर्ड लावून ठेवायचे, सगळ्या लॅबना तोच पासवर्ड. ते सगळं काढून टाकलं. त्यांना पण आता कोड घेऊनच आत यावं लागतं, सुरुवातीला कुरकुर झाली, पण त्यांना फायदा असा झाला की निघायच्या आधी एरर लॉग मिळतो. मेढ्याच्या इलेक्ट्रोलाइट मशीनला सोडियमचा स्लोप (इलेक्ट्रोड किती नीट प्रतिसाद देतो ते) उतरत होता, लॉग बघून तो इलेक्ट्रोड सोबत घेऊनच आला, एका फेरीत काम. पूर्वी आधी बघायला यायचा, मग पार्ट आणायला जायचा.

दोन बारीक गोष्टी, पण बनवणाऱ्यांनी टिपून ठेवा. एक, मशीनचं घड्याळ. जुन्या मशीनची आतली बॅटरी संपली की लाईट जाऊन आल्यावर तारीख थेट २००० सालच्या आसपास जाते, आणि रिझल्ट त्या तारखेचा म्हणून येतो, मग सॉफ्टवेअर शोधत बसतं. इथे बॉक्स स्वतःची वेळ पण शेजारी लावतो आणि दोन्हींत पाच मिनिटांच्या वर फरक पडला की सांगतो. दोन, बारकोड वाचला गेला नाही तर काय. सॅम्पल ट्रेमधल्या जागेवरून अंदाजाने पेशंट जुळवणारं सॉफ्टवेअर मी बघितलंय, अंगावर काटा येतो, एक ट्यूब इकडची तिकडे झाली की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला. हे तसं करत नाही, नंबर नसलेला रिझल्ट बाजूला ठेवतं आणि माणसाने ट्यूब हातात घेऊन जुळवल्याशिवाय पुढे जात नाही. वेळ जातो, जाऊ दे.

आणि फॅक्टर, म्हणजे मशीन वाचलेल्या आकड्याला ज्याने गुणून रिझल्ट काढतं तो आकडा. सेमी ऑटो (अर्धं काम हाताने करायचं मशीन) वापरलेल्यांना माहिती आहे, कंट्रोल बाहेर गेला की फॅक्टर थोडा बदलून आत आणायचा मोह होतो. आता फॅक्टर कुठेही बदलला की कुणी, कधी, कितीचा किती केला हे कायमचं राहतं आणि मॅडमनी मान्य केल्याशिवाय त्या टेस्टचे रिपोर्ट सुटत नाहीत. जी मशीनं स्वतः कळवत नाहीत त्यांची सेटिंग बॉक्स रोज रात्री वाचून आदल्या दिवसाशी ताडतो. आयएसओ १५१८९ (मेडिकल लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) याच्या २०२२ च्या आवृत्तीत डेटा आणि माहिती सांभाळायचा वेगळा भाग आहे, ७.६, एनएबीएलच्या (लॅबला मान्यता देणारी संस्था) तयारीत या नोंदी फार उपयोगी पडतायत. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा पिन हवा, एकच लॉगिन सगळ्यांनी वापरायचं नाही, आणि पिन टाकायला हातमोजा काढायला लागू नये म्हणून त्यांनी मोठी बटणं दिलीत. ही मात्र फार विचार करून केलेली गोष्ट.

ज्या तक्रारी अजून आहेत त्या पण ऐका. मोबाइल ॲप मंद आहे, मेढ्यात रेंज कमी असली की ग्राफ उघडेपर्यंत चहा होतो, साधा आकड्यांचा तक्ता आधी दाखवा आणि ग्राफ नंतर असं मी किती वेळा सांगितलंय. एरर कोडचा अर्थ फक्त इंग्रजीत, तो टेक्निशियनला तिथल्या तिथे मराठीत मिळायला हवा, आणि नुसता अर्थ नको, आता काय तपासायचं ते हवं. भाडं दर मशीनला महिन्याचं आहे आणि फ्रीजला पण मशीन धरतात, हे मला पटत नाही, आम्ही भांडून फ्रीजचं निम्मं करून घेतलं. रविवारी सपोर्टचा फोन उचलायला उशीर लागतो, लॅब रविवारी सकाळी पण चालू असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमचा जुना डेटा आम्हाला हवा तेव्हा साध्या फाइलमध्ये काढून घेता येतो का, तर रिझल्ट आणि क्यूसी येतात, तापमान आणि एरर लॉग येत नाहीत, ते द्यायचं कबूल केलंय, ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेतलंय.

छोटी एकच लॅब असेल आणि तुम्ही स्वतः तिथे दिवसभर असाल तर याची गरज नाही, त्या पैशात चांगला यूपीएस आणि फ्रीजला अलार्मवाला थर्मामीटर घ्या. दोन-तीन ठिकाणी मशीनं असतील आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच ठिकाणी बसत असतील तर नक्की घ्या. कुणाचंही घ्या, पण डेमो त्यांच्या लॅपटॉपवर बघू नका, तुमच्या सगळ्यात जुन्या मशीनवर बघा. बॉक्सची नेटची वायर काढायला सांगा, सिम पण काढायला सांगा, आणि स्क्रीनवर काय दिसतं ते पाच मिनिटं बघत बसा. मग वायर जोडून मधल्या वेळचे रिझल्ट आले का ते मोजा. बारकोड नसलेली एक ट्यूब लावा. आणि तुमच्या सगळ्यात लांबच्या सेंटरच्या टेक्निशियनला डेमोला बसवा, तिला प्रश्न विचारू द्या. आम्ही पुढच्या वर्षाचं रिन्युअल केलंय, लांबून मशीन चालवायचं जादा मॉड्यूल फुकट देत होते ते घेतलं नाही.